मामांचा जुना लॅपटॉप, नवं विंडोज आणि 'ॲक्सेस डिनाइड'

मामांचं विट्यात डीटीपी सेंटर आहे. लग्नपत्रिका, वास्तुशांतीची कार्डं, दुकानांची पावती पुस्तकं, आणि निवडणूक लागली की फ्लेक्स. २०२३ च्या मे महिन्यात, म्हणजे ऐन लग्नसराईत, त्यांचा फोन आला की अरे लॅपटॉप नवीन केला पण माझ्याच फाईल मला उघडू देईना, म्हणतो परमिशन नाही, आता माझ्या घरात मी कुणाची परमिशन काढू. मी पुण्यात, नोकरी सिस्टिम ॲडमिनची, त्यामुळे नात्यातले सगळे प्रिंटरपासून टीव्हीच्या रिमोटपर्यंत सगळं मलाच विचारतात. पण हे प्रकरण सविस्तर लिहून ठेवण्यासारखं निघालं, कारण एकाच मेसेजच्या मागे तीन वेगळे रोग होते आणि तिघांना एकच औषध दिलं असतं तर पेशंट गेला असता.

लॅपटॉप २०१२ चा. सेकंड जनरेशन आय-थ्री, ४ जीबी रॅम, ५०० जीबीची ५४०० आरपीएम हार्ड डिस्क, सी आणि डी असे दोन भाग, विंडोज ७ प्रोफेशनल. सुरू करून चहा पिऊन आलं तरी गोल फिरतच असायचं. विंडोज ७ चा सपोर्ट १४ जानेवारी २०२० लाच संपला होता, पण कोरल (पत्रिका बनवायचं सॉफ्टवेअर) चालतंय ना, मग कशाला हात लावा, हे मामांचं धोरण. शेवटी मामेभावाने मनावर घेतलं, २४० जीबीची एसएसडी आणली, त्यावर विंडोज १० टाकलं (११ चा प्रश्नच नव्हता, एवढ्या जुन्या मशीनला ते अधिकृतपणे नाकारतं) आणि जुनी हार्ड डिस्क डीव्हीडी ड्राइव्ह काढून त्या जागी कॅडीत, म्हणजे त्या मापाच्या चौकटीत, बसवली. जुन्या डिस्कवर त्याने काहीही फॉरमॅट केलं नाही. हे मुद्दाम नाही, आळसाने झालं असं तो स्वतःच सांगतो. पण पुढचं सगळं वाचलं ते त्या आळसामुळे.

नव्या विंडोजमध्ये जुनं सी ड्राइव्ह आता ई झालेलं आणि जुनं डी झालं एफ. एफ मधल्या फाईल सरळ उघडत होत्या. पण मामांचं सगळं काम डेस्कटॉपवर. डेस्कटॉपवर 'पत्रिका २०१९', 'पत्रिका २०१९ नवीन', 'पत्रिका फायनल', अशी फोल्डरं एकमेकांच्या अंगावर चढलेली, वॉलपेपरवरचा गणपती दिसायचा बंद झाला होता म्हणे. आणि डेस्कटॉप म्हणजे सी ड्राइव्हमधल्या युजर्स फोल्डरच्या आत. तिथं क्लिक केलं की तो डबा, 'यू डोन्ट करंटली हॅव परमिशन टू ॲक्सेस धिस फोल्डर', खाली पिवळी-निळी ढाल आणि कंटिन्यू बटण. भावाने कंटिन्यू दाबलं, वरच्या पट्टीत हिरवी रेघ सरकत राहिली, पाऊण तास. मग फोल्डर उघडलं, फाईल कोरलमध्ये उघडली, मामांनी मुलीच्या मामाचं नाव बदललं, सेव्ह दाबलं, तर परत ॲक्सेस डिनाइड.

इथून पुढे गाडी घसरली. भावाने व्हिडिओ बघितला, त्यात एक जण सांगत होता की मालकी घेणारी टेकओन आणि परवानग्या बदलणारी आयकॅकल्स या दोन कमांड मारा, एव्हरीवनला फुल कंट्रोल द्या, सगळे प्रॉब्लेम संपले. याने त्या मारल्या, आणि मारल्या कुठं तर सी ड्राइव्हच्या मुळावर. म्हणजे जुन्या डिस्कवर नाही, नव्या एसएसडीवरच्या नव्याकोऱ्या विंडोजवर! व्हिडिओत सी लिहिलं होतं म्हणून याने पण सी लिहिलं. विंडोजच्या स्वतःच्या फाईलींचा मालक ट्रस्टेड इन्स्टॉलर नावाचा असतो, स्टोअरच्या ॲप्सच्या परवानग्या तर फारच नाजूक, ते सगळं एका दमात सपाट झालं. रीस्टार्ट केल्यावर स्टार्ट मेनू उघडेना, सेटिंग्ज उघडेना. मग विंडोज परत टाकलं. ज्याचा प्रॉब्लेमच नव्हता त्याला बरं करायला जाऊन मारलं, आणि ज्याचा होता तो तसाच.

मी शनिवारी पोहोचलो. बसल्या बसल्या पहिलं काम परमिशनला हात न लावता डिस्कची तब्येत बघणं. पाऊण तास हिरवी रेघ सरकत होती हे ऐकूनच मला शंका आलेली. क्रिस्टलडिस्कइन्फो टाकलं तर पिवळ्या रंगात कॉशन, करंट पेंडिंग सेक्टरच्या ओळीत शून्य नाही. म्हणजे काही सेक्टर, डिस्कवरचे बारीक कप्पे, असे आहेत जे डिस्कला वाचता येत नाहीयेत आणि पुढं त्यांचं काय करायचं हे तिचं अजून ठरायचंय. अशा डिस्कवर शक्यतो काही लिहायचं नाही. आणि कंटिन्यू बटण, टेकओन, आयकॅकल्स, हे तिन्ही नेमकं तेच करतात, आतल्या एकेका फाईलच्या नोंदीत जाऊन लिहितात. साठ हजार फाईल असतील तर साठ हजार वेळा. चेकडिस्क स्लॅश आर (डिस्क तपासून दुरुस्त करायची कमांड) मारूया का असं भाऊ विचारत होता, त्यालाही नाही म्हटलं. आधी माल बाहेर काढायचा, मग घराची डागडुजी.

आता मूळ भानगड काय ते सांगतो, कारण मामांना हे पटवायला मला सातबारा काढावा लागला. एनटीएफएस म्हणजे विंडोजच्या नेहमीच्या पद्धतीने फॉरमॅट केलेल्या डिस्कवर फाईलचा मालक कोण आणि कुणाला काय करायचा हक्क, हे लिहिलेलं असतं, पण ते नावाने नाही, नंबराने लिहिलेलं असतं. त्याला एसआयडी म्हणतात. एस-१-५-२१ ने सुरू होतो, मग तीन लांबलचक आकडे, ते त्या विंडोजचे स्वतःचे, आणि शेवटी युजरचा आकडा, साधारण १००० पासून पुढे. विंडोज नव्याने टाकलं की ते मधले तीन आकडे नवीन. मग तुम्ही युजरचं नाव तेच ठेवा, पासवर्ड तोच ठेवा, विंडोजच्या लेखी तुम्ही वेगळा माणूस. ई ड्राइव्हवरच्या त्या फोल्डरवर राइट क्लिक, प्रॉपर्टीज, सिक्युरिटी टॅब असं मामांना उघडून दाखवलं, तिथं एका ओळीत 'अकाउंट अननोन' आणि पुढे कंसात तो भलामोठा नंबर, बाजूला प्रश्नचिन्हाचं चित्र. मामा, म्हटलं, हे तुम्हीच आहात. सातबाऱ्यावर जसं मयत माणसाचं नाव वर्षानुवर्षं राहतं आणि वारसनोंद कुणी केलेलीच नसते, तसं झालंय. जमीन आहे, तुम्ही आहात, पण तलाठ्याच्या दप्तरी तुमचा संबंध नाही.

मामा म्हणाले मग फेरफार कर की. तर तीच टेकओन कमांड. पण फेरफार झाला म्हणजे ताबा मिळाला असं जसं नसतं तसंच इथंही, टेकओनने फक्त मालकाच्या रकान्यात नाव लागतं, वाचायचा-लिहायचा हक्क वेगळ्या यादीत असतो, मालक झाल्यावर ती यादी बदलायचा अधिकार मिळतो एवढंच. म्हणून टेकओननंतर आयकॅकल्स मारावं लागतं. अर्धे लोक टेकओन मारून थांबतात आणि मग काहीच झालं नाही म्हणून वैतागतात.

मग एफ का उघडत होता? कारण तुम्ही विंडोजमध्ये एखादा जादा भाग फॉरमॅट केला की त्याच्या मुळावर ऑथेंटिकेटेड युजर्स म्हणजे 'जो कुणी लॉगिन करून आलाय तो' अशा गटाला बदल करायचा हक्क आपोआप मिळतो, आणि या अशा सार्वजनिक गटांचे नंबर जगातल्या प्रत्येक विंडोजवर सारखे असतात. एव्हरीवन कुठंही एस-१-१-० च. पण युजर्सच्या आतल्या तुमच्या फोल्डरवर फक्त तिघं, सिस्टिम, ॲडमिनिस्ट्रेटर्स गट आणि तुम्ही स्वतः. त्यातले 'तुम्ही' मयत झाले. ॲडमिनिस्ट्रेटर्सचा नंबर सगळीकडे तोच आहे आणि भाऊ ॲडमिनच होता, पण यूएसी या विंडोजच्या राखणदारीमुळे रोजच्या कामात तुमचं ॲडमिनपण खिशात ठेवलेलं असतं, ढाल दाबल्यावरच बाहेर निघतं. म्हणून कंटिन्यू दाबावं लागलं. आणि कंटिन्यू दाबल्यावर विंडोज तुमचं नाव यादीत घालतं. फाईल उघडली पण सेव्ह होईना, तो घोळही परवानग्यांचाच. कोरलचा काही दोष नव्हता.

तर मी फेरफार केलाच नाही. जुन्या डिस्कवरच्या परवानग्या दुरुस्त करायची गरजच काय, आपल्याला फाईल पाहिजेत, त्यांचा सातबारा नको. कॉपी केलेली फाईल ही नवीन फाईल असते, ती जिथं जाते तिथल्या फोल्डरचे नियम घेते. एकाच ड्राइव्हवर इकडून तिकडे मूव्ह केली तर मात्र जुने नियम बोचक्यात बांधून सोबत नेते, त्यामुळे कट-पेस्ट करून बघितलं तरी तेच होतंय असं म्हणणारे खोटं बोलत नसतात. प्रश्न एवढाच की वाचायचाच हक्क नाही तर कॉपी कशी करणार. त्यासाठी विंडोजमध्ये रोबोकॉपी ही कॉपी करायची कमांड आधीपासून असते आणि त्याला स्लॅश बी दिलं की ते बॅकअप मोडमध्ये चालतं, म्हणजे बॅकअप घेणाऱ्या माणसाला जो खास अधिकार असतो तो वापरून यादी न बघता वाचतं. डिस्कवर एक अक्षर लिहीत नाही. फक्त कमांड प्रॉम्प्ट रन ॲज ॲडमिनिस्ट्रेटर करून उघडायचा, नाहीतर तो अधिकार मिळत नाही.

मी दिलेले पर्याय असे होते: स्लॅश ई म्हणजे आतली सगळी फोल्डरं, रिकामी धरून. स्लॅश बी. स्लॅश एक्सजे, हे विसरायचं नाही, कारण युजर्सच्या आत 'ॲप्लिकेशन डेटा' वगैरे नावांची खोटी फोल्डरं असतात, ती दिसायला फोल्डर पण खरं तर दुसरीकडे बोट दाखवणाऱ्या पाट्या, आणि पाटीवर पत्ता सी ड्राइव्हचाच लिहिलेला, म्हणजे जुन्या डिस्कमधून कॉपी करताना नव्या विंडोजमध्ये शिरून बसायचं. आणि स्लॅश आर कोलन १, स्लॅश डब्ल्यू कोलन १, म्हणजे एखादी फाईल वाचता आली नाही तर एक सेकंद थांबून एकदाच परत प्रयत्न कर आणि पुढे जा. हे दिलं नाही तर रोबोकॉपी मुळात दहा लाख वेळा प्रयत्न करतं, दरवेळी ३० सेकंद थांबून. हिशोब केला तर एका खराब फाईलवर साडेअकरा महिने. लोक रात्री लावून झोपतात आणि सकाळी तिथंच अडकलेलं बघून डिस्क गेली म्हणतात. शेवटी लॉग फाईलचा पर्याय दिला, कारण खरी मजा लॉगमध्येच असते.

कॉपी एक्स्टर्नल डिस्कवर घेतली, जी एक्सफॅट होती. त्या प्रकारात परवानग्या लिहायला रकानाच नसतो, त्यामुळे माल तिथून पुढं नेताना जुना काही वास राहायचा प्रश्न नाही.

संध्याकाळी संपलं. शेवटी जो तक्ता येतो त्यात फेल्ड खाली आकडा होता. भाऊ म्हणाला परमिशनच असणार, आता तरी टेकओन मारू. लॉग उघडला तर दोन प्रकारच्या ओळी. तीन फाईलींपुढे एरर २३, डेटा एरर, सायक्लिक रिडंडन्सी चेक. हा परमिशनचा विषयच नाही, हे खराब सेक्टर. आणि 'हिशोब' नावाच्या एका फोल्डरमधल्या झाडून सगळ्या फाईलींपुढे एरर ५, ॲक्सेस इज डिनाइड. बॅकअप मोडमध्ये असूनही डिनाइड! तिथं मी जरा थांबलो. परवानगीची यादी तर आपण बघतच नाही आहोत, मग नाही म्हणतंय कोण.

त्या फाईलींच्या चित्रावर कोपऱ्यात बारीक कुलूप होतं. ते बघून पोटात गोळाच आला. ईएफएस, म्हणजे विंडोजचं फाईल एन्क्रिप्ट करायचं कुलूप. मामांनी कधीतरी, बहुतेक दुकानात कामाला मुलगा ठेवला होता तेव्हा, हिशोब कुणी बघू नये म्हणून प्रॉपर्टीजमध्ये ॲडव्हान्स्डमध्ये जाऊन 'एन्क्रिप्ट कंटेंट्स टू सिक्युअर डेटा' ला टिक केली होती. विंडोज ७ प्रोफेशनल असल्याने ते झालंही. मामांना आठवतसुद्धा नव्हतं. परवानगी आणि एन्क्रिप्शन या दोन गोष्टींची लोक इथंच गल्लत करतात. परवानगी म्हणजे दारावरचा वॉचमन, तो विंडोजचा नोकर, लिनक्सचा पेनड्राइव्ह लावून मशीन सुरू केलं तर वॉचमन ड्युटीवरच नसतो, सगळं उघडं. एन्क्रिप्शन म्हणजे आतला माल दळून पीठ केलेला, मालक व्हा, फुल कंट्रोल घ्या, लिनक्स लावा, पीठ ते पीठच. त्याची किल्ली जुन्या विंडोजमधल्या जुन्या युजरच्या प्रोफाईलमध्ये, आणि ती किल्ली पुन्हा त्याच्या पासवर्डने बंद.

म्हणजे रस्ता एकच. जुनं विंडोज जिवंत करून त्यात जुन्याच पासवर्डने शिरायचं. इथं तो आळस कामाला आला, डिस्क फॉरमॅट केली असती तर त्या हिशोबावर पाणीच. एसएसडी काढली, हार्ड डिस्क परत मूळ जागी लावली, बटण दाबलं. किरकिर, मग शांतता, मग परत किरकिर. पंचवीसेक मिनिटांनी लॉगिनची स्क्रीन आली, आणि मामांना पासवर्ड आठवेना. आठवणार कसा, दुकानात ते मशीन कधी बंदच करत नसत, नुसतं झाकण लावायचे, आणि पासवर्ड टाकायचा झाला तर तो पोरगा टाकायचा.

भावाने लगेच ओळखीच्या रिपेअरवाल्याला फोन लावला. तो म्हणाला आणा की, पेनड्राइव्ह लावून दोन मिनिटात पासवर्ड उडवतो. मी फोन जवळजवळ हिसकावूनच घेतला. एरवी तो बरोबर आहे, विंडोज ७ चा पासवर्ड असा उडवता येतो आणि लॉगिन होतं. पण बाहेरून पासवर्ड पुसला की किल्ली ज्या पासवर्डने बंद आहे तो आणि आत्ताचा यांचा मेळ तुटतो, लॉगिन व्हाल पण हिशोब उघडणार नाही. आत शिरून जुना पासवर्ड देऊन बदलला तर चालतं, बाहेरून उडवला तर नाही. हा फरक रिपेअरवाल्याला माहीत नसतो असं नाही, पण त्याला कुणी सांगितलेलंच नसतं की आत ईएफएस आहे.

मामांनी सहा-सात प्रयत्न केले. दुकानाचं नाव, देवाचं नाव, गाडीचा नंबर. एवढ्यात मामी आतून पोह्याच्या ताटल्या घेऊन आल्या आणि म्हणाल्या, अहो तुम्ही घराच्या फोनचा नंबर टाकला नव्हता का, मला तर तुम्हीच सांगितलेलं, तो लँडलाइन होता ना आपला. लँडलाइन काढून कितीतरी वर्षं झाली होती, मामांना नंबर येईना, मामींना तोंडपाठ. टाकला. वेलकम.

आत गेल्यावर मी कुलपाची टिक काढत बसलो नाही, कारण त्यानेही डिस्कवर लिहिलं जातं. 'हिशोब' फोल्डर सरळ एक्सफॅट पेनड्राइव्हवर कॉपी केलं. तिथं एन्क्रिप्शन टिकवायची सोय नसते म्हणून विंडोज विचारतं की कुलपाशिवाय कॉपी करू का, हो म्हणायचं, की फाईल उघडी होऊन पडते. वर आणखी खबरदारी म्हणून त्या कुलपाच्या सर्टिफिकेटची पीएफएक्स फाईल काढून घेतली, खाजगी किल्लीसकट, उद्या आणखी कुठं कुलूपवाली फाईल सापडली तर असावी. मग शट डाउन. त्यानंतर ती डिस्क परत सुरू केलेली नाही, बबल रॅपमध्ये गुंडाळून वर स्केचपेनने 'जुनी, लावू नये' लिहून कपाटात.

एरर २३ च्या तीन फाईल गेल्याच. दोन जुने फ्लेक्स आणि कुठल्याशा पतसंस्थेच्या सभेचं आमंत्रण. मामा म्हणाले जाऊ दे, पतसंस्था पण राहिली नाही.

आता टेकओन कधीच वापरू नये असं माझं म्हणणं नाही. डिस्क धडधाकट असेल, कुलूप नसेल आणि अमुक एक फोल्डर आहे त्याच जागी वापरायचं असेल तर तेच बरोबर. पण मग त्याच फोल्डरचा पूर्ण पाथ अवतरण चिन्हात द्या, नुसतं ड्राइव्हचं अक्षर देऊन एंटर दाबू नका. आणि एव्हरीवनला फुल कंट्रोल वाटत बसण्यापेक्षा टेकओननंतर आयकॅकल्सला स्लॅश रीसेट आणि स्लॅश टी द्यावं, म्हणजे आतल्या जुन्या मयत नोंदी जाऊन वरच्या फोल्डरचे नियम खाली उतरतात. व्हिडिओवाले हे सांगत नाहीत, फुल कंट्रोल म्हटलं की भारी वाटतं म्हणून असेल.

नव्या विंडोजवर मी एसएसडीचे दोन भाग केले आणि मामांची कामाची सगळी फोल्डरं डी वर ठेवली, डेस्कटॉपवर फक्त शॉर्टकट. पुढच्या वेळी कुणी विंडोज उडवलं तरी डी चे नियम सार्वजनिक गटाच्या नावावर असल्याने कुणाची वारसनोंद करायची वेळ येणार नाही. विंडोज १० चा नेहमीचा सपोर्टही १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला, त्यामुळे ती वेळ येणार हे नक्की.

रविवारी दुपारी मामांनी पहिली पत्रिका उघडली आणि भाऊ ओरडला, दादा, परत परमिशन! बघितलं तर फाईल नीट उघडली होती, सेव्हही होत होती, फक्त 'श्री गणेशाय नमः' च्या जागी इंग्रजी अक्षरं, कंस आणि टिंबांची खिचडी. हे जुन्या नॉन-युनिकोड फॉन्टचं मॅटर, ज्यात मराठी अक्षरं इंग्रजी अक्षरांच्याच जागी बसवलेली असतात. फॉन्ट नाही तर अक्षरं उघडी पडणारच. सुदैवाने रोबोकॉपीत मी जुन्या विंडोजचं फॉन्ट्स फोल्डरही घेऊन ठेवलं होतं. त्यातले मराठी तेवढे निवडून, सगळे सिलेक्ट करून, राइट क्लिक, इन्स्टॉल. कोरल बंद करून उघडलं. मामांनी मुलीच्या मामाचं नाव बदललं, सेव्ह दाबलं, प्रूफ काढून पार्टीला बोलावलं.